मोरीतला बोळा

गाडी घसरली त्या जागी आता पॅसेंजर बैलबंडीसारखी चालते. रेल्वेच्या माणसांनी तिथे मुरूम ओतला, दगड रचले, रूळ सरळ केले. पण दोन्ही अंगांना पिवळ्या पाट्या रोवून ठेवल्या आहेत. त्या पाटीपाशी आली की गाडी दम सोडते आणि डबे एकेक करून खुशालरावच्या वावरावरून सरकत जातात. पूर्वी खिडक्यांतली माणसं ओळखू येत नसत. आता तोंडं दिसतात. प्रत्येक तोंड खाली वळून रुळांखालच्या मोरीकडे पाहतं. कोणी मोबाईल बाहेर काढतो, कोणी हात जोडतो, कोणी लेकराला उचलून दाखवतो.

खुशालराव कपाशीत उभा राहून हे पाहतो. उद्यापासून पाहायचं नाही असं तो रोज ठरवतो.

मैना मागच्या डब्याच्या दारात बसायची. आत जागा असली तरी दारातच, टोपल्याला पाठ लावून. हॉल्टवरून सुटलेली गाडी लगेच वावरापाशी यायची, आणि वावर आलं की ती हात वर करायची. तोही हातात असेल ते वर करायचा. विळा असला तर विळा, वखराचं रुमणं असलं तर रुमणं. यात प्रेमबिम आहे असं दोघांनाही कधी वाटलं नाही. ती गेली, हा आहे, एवढंच त्यात होतं.

महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशीही तसंच झालं. घरोघर सोळा भाज्या लागायच्या, म्हणून अकोल्याच्या बाजाराला निघालेल्या बायांनी गाडी भरली होती. खुशालरावच्या पाठीवर फवारणीचा पंप होता. त्यानं पंपाची नळी वर केली. मैनाचा हात वर गेलेला त्यानं पाहिला. आणि मग लाईनीचा तेवढा तुकडा बसला. उडाला नाही, फुटला नाही. म्हातारी गाय गोठ्यात गुडघे मोडून बसते, तसा बसला. आवाज नंतर आला.

पंप पाठीवर तसाच घेऊन तो धावला होता. काळ्या चिखलात डबे आडवे पडले होते आणि सगळीकडे भाजी सांडली होती. मेथी, चिवळ, अंबाडी, झेंडू. गाठोडी, पोती, चुंगड्या इतक्या पडल्या होत्या, की कशाखाली माणूस आहे आणि कशाखाली नुसती भाजी, ते उचलल्याशिवाय कळत नव्हतं. गावातून लोकांनी घरातल्या गोधड्या आणल्या आणि ज्यांचं काही उरलं नव्हतं त्यांच्या अंगावर घातल्या. मैनाच्या हाताला झेंडूचा वास येत होता. तो वास खुशालरावच्या नाकातून अजून गेला नाही. भाकर तोडली तरी येतो.

गाडी का घसरली, हे वाघझिरी गावात प्रत्येकाला ठाऊक होतं. चहाच्या टपरीवर केशवराव बसायचा. तो दोन वेळा सोसायटीचा अध्यक्ष झालेला होता, म्हणून त्याच्या शब्दाला वजन. आधी तो म्हणाला, घातपात. मग म्हणाला, डायवर दारू पेला असन. रेल्वेची माणसं नळ्या घेऊन आली आणि त्यांनी भरावात भोकं पाडून आतली काळी माती काढून नेली, तेव्हा तो म्हणाला, मातीत काय हाय, माती तर इंग्रजाच्या वक्तापासून तेच हाय. शेवटी त्याला एक माणूस सापडला आणि मग त्यानं दुसरं कारण शोधलं नाही.

"चावीवाला," तो म्हणाला. "धम्मदीप. सकाळी लाईन पाहाचं काम त्याचं. हा पठ्ठ्या घरी घोरत पडला असन अन् तिकडे वहीवर सही. कोट्यातून लागलेले असेच असतात गा."

दोघं-तिघं हसले. खुशालराव बाकाच्या टोकाला बसला होता. चहा अर्धा ठेवून उठला.

धम्मदीपला रेल्वेनं कामावरून घरी बसवलं होतं. चौकशी पुरी होईपर्यंत.

त्याची आई जाईबाई एक दिवस वावरात आली. लाईनीच्या खालच्या अंगाला खुशालरावची कपाशी, तिथं धुऱ्याच्या बांधावर येऊन उभी राहिली.

"खुशालभाऊ."

"या बाई. बसा सावलीत."

"बसाले नाई आली." तिनं पदर डोक्यावर सारखा केला. "तुमी होते न त्या दिवशी वावरात?"

"होतो."

"माह्या पोराले पाह्यलं का नाई? हातोडा घेऊन जाताना?"

"पाह्यलं. माह्यापाशी पाणी पेला तो."

जाईबाईचा चेहरा हलला. रडते की हसते ते कळेना. "मंग हे काहून नाई सांगत भाऊ कोणाले? अख्खं गाव म्हणून राह्यलं का तो आलाच नाई. परवा नळावर बायाईनं माही बकेट सरकवून देली. म्हणे, तुह्या पोरानं आमच्या बाया मारल्या."

"कोणं?"

"आता नाव सांगून काय करता?" ती म्हणाली. "मूर्तिजापूरच्या टेशनावर मोठे साहेब बसून राह्यले. पेपरात आलं, ज्याले ठाऊक असन त्यानं येऊन सांगा. तुमी चला. तो गेला तवा लाईन सरळ होती, इतकंच सांगा."

"पाहतो."

"पाहता म्हणजे काय भाऊ? तुमचं माणूस गेलं म्हणून मी इतके दिवस आली नाई. माहं पोरगं जित्तं हाय, म्हणून आली."

ती आली तशी निघून गेली. खुशालराव कपाशीच्या ओळीत खाली बसला.

त्याला जायला काय होत होतं? पाय होते, गाडी होती, खरं होतं तेच सांगायचं होतं. पण लाईन सरळ होती म्हटलं, की पुढचा प्रश्न येणार: मग झालं काय? आणि त्या प्रश्नाच्या तोंडाशी बोळा होता.

खुशालरावचं वावर लाईनीनं मधून कापलं होतं. खालचा तुकडा कपाशी-तुरीचा, त्याचा. वरच्या तुकड्यात विहीर, भाजी आणि झेंडू. तो मैनाचा आणि शेजारच्या वावरातल्या भागीरथावहिनीचा. वरून येणारा नाला लाईनीखालच्या मोरीतून खालच्या अंगाला जायचा. पोळा झाला, पावसानं उघडीप दिली, की बाया मोरीच्या वरच्या तोंडात बोळा बसवायच्या. मातीनं भरलेल्या चुंगड्या, त्यावर जुन्या गोधड्या. पाणी भरावाला टेकून तळ्यासारखं उभं राहायचं, जमिनीत मुरायचं, विहिरीला लागायचं, आणि दसऱ्यापर्यंत झेंडू हिरवा राहायचा. सासूनं मैनाला शिकवलं होतं, सासूला तिच्या सासूनं. माणसांनी त्याला कधी हात लावला नाही. लुगडं ओचून चिखलात उतरायचं काम, ते बायांचं.

बोळा तेव्हा मोरीत होता का? पाणी तुंबून भराव खचला का? मैनानंच बसवलेल्या बोळ्यानं मैनाला खाल्लं का? तेराव्याच्या जेवणावळीत पानात वाढत असतानाही हेच त्याच्या डोक्यात चालू होतं.

पोरगा नितेश अकोल्यात मोटरसायकलच्या दुकानात कामाला होता. रविवारी आला. जाईबाई येऊन गेल्याचं ऐकून त्यानं हेल्मेट खाटेवर आदळलं.

"जासान तर धम्मदीपचं तेवढं सांगजा," तो म्हणाला. "बोळ्याचं नाव काढू नका बाबा. एकदा का बोळा म्हटलं, की आईचा फोटो पेपरात येईन. अन् खाली काय लिहितीन?"

"काय लिहितीन?"

"तुमाले समजत नाई का?"

खुशालरावला समजत होतं. तो उठला आणि लाईन ओलांडून वरच्या वावरात गेला. गाडी घसरल्यापासून तो तिकडे फिरकला नव्हता. रूळ ओलांडताना पाय उचलून टाकावा लागला. वर झेंडू फुलून वाळायला लागला होता, तोडायला कोणी नव्हतं. मोरी जागच्या जागी होती. खचला होता तो तिच्या बाजूचा भराव, आणि तिथं आता नवा लाल मुरूम होता, धोतराला ठिगळ लावल्यासारखा.

नाल्याकाठी बाभूळ होती. तिच्या फांदीवर गोधडी वाळत घातलेली होती.

मेलेल्यांवर घातलेली कुठलीतरी असेल, असंच जाणाऱ्या-येणाऱ्याला वाटलं असणार, म्हणून कोणी हात लावला नव्हता. खुशालरावनं टोक उलटून पाहिलं. त्याच्या जुन्या धोतराचा काठ, नितेशच्या शाळेच्या खाकी चड्डीचा तुकडा, आणि मैनाचे लांब टाके. गोधडीत चिखल वाळून कडक झाला होता. बुंध्याला दोर गुंडाळलेला होता. बोळा काढला, की मैना दोर असाच गुंडाळून ठेवायची.

म्हणजे तिनं काढला होता.

खुशालराव बाभळीखाली बसला. इतक्या दिवसांत त्याला पहिल्यांदा रडू आलं, आणि ते सुटल्याचं रडू होतं. "काढला होता वो तिनं," तो झाडाला म्हणाला. "काढून गेलती बाई."

मूर्तिजापूरच्या स्टेशनात वेटिंग रूमच्या बाहेर बाकं टाकली होती. पलीकडे बंद पडलेल्या शकुंतला गाडीच्या लाईनीवर गवत माजलं होतं आणि त्यात शेळ्या चरत होत्या. धम्मदीप एका बाकावर बसला होता. अंगात घरचा शर्ट. त्या पोराला खुशालरावनं वर्दीच्या केशरी जाकिटाशिवाय कधी पाहिलं नव्हतं. तो अर्धा वाटत होता.

"काका, तुमी?"

"हाव. तुह्या मायनं सांगतलं."

धम्मदीपनं मान खाली घातली. बोटांची नखं चावून चावून मांसाला लागली होती. "काका," तो हळूच म्हणाला, "जास्तीचं काई बोलू नका. माहं पाहीन मी."

पोरगा असं का म्हणतो हे खुशालरावला कळलं नाही. तेवढ्यात आतून नाव पुकारलं.

साहेब म्हातारे होते, चष्म्याला दोरी लावलेली. त्यांनी आधी पाणी दिलं. बायकोचं ऐकून दोन शब्द बोलले, आणि मग विचारायला सुरुवात केली. खुशालरावनं धम्मदीपचं सांगितलं. तो आला, पाणी प्याला, हातोडा ठोकत पुढं गेला. लाईन सरळ होती.

"मग ती थोड्याच वेळात खाली कशी बसली, असं तुम्हाला वाटतं?"

"ते मले काय ठाऊक साहेब. पण एक सांगतो. आमच्या बाया मोरीत बोळा बसवतात." नितेशचा चेहरा डोळ्यांपुढं आला, पण तो थांबला नाही. आता लपवायचं काय? "पाणी साचवाले. कोणी म्हणन का त्यानं झालं. तर बोळा नव्हता साहेब. माह्या बायकोनं काढला होता. गोधडी बाभळीवर हाय, मी पाह्यली."

साहेबांनी लेखणी खाली ठेवली. "कधी काढला?"

"त्याच सकाळी. गाडीवर जाच्या पहिले."

"चावीवाला गेल्यावर?"

"त्याच्या मागूनच असन. तो पाहीन म्हणून."

"पाणी किती होतं?"

"भरलेलं असन. वरतं पाऊस झालता रात्री."

"म्हणजे भरलेलं पाणी एकदम उतरलं. गाडी यायच्या आधी." साहेब हे विचारत नव्हते. स्वतःशीच म्हणत होते.

"हाव, एकदम," खुशालराव म्हणाला, आणि तो शब्द त्याला स्वतःच्याच कानांनी ऐकू आला.

ऐन पावसाळ्यात विहीर एकदम उपसायची नसते. काठोकाठ पाणी असतं तोवर बाजू उभ्या राहतात. मोटर लावून पाणी खाली नेलं, की भिजलेली काळी माती टेकू गेल्यासारखी आत येते. त्याच्या काकाची विहीर अशीच बसली होती, मोटरीसकट. हे खुशालरावला कोणी शिकवायला नको होतं. लहानपणापासून त्याला ठाऊक होतं. लाईनीचा भराव म्हणजे विहिरीची बाजूच की. आठवडाभर पाणी पिऊन बसलेली. आणि मैनानं पाणी काढून घेतलं. आणि मग वरून गाडी आली, आणि गाडीत मैना.

समोरचे साहेब लांब गेल्यासारखे वाटले. झेंडूचा वास इतका आला की त्यानं नाक पुसलं.

"खुशालराव?"

"मी काढला," तो म्हणाला.

"काय?"

"बोळा. बायकोनं नाई. मी काढला. ते चुकून आलं तोंडातून."

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. रागानं नव्हे. "बरं," ते म्हणाले. "उद्या आम्ही जागेवर येतो. कसा काढला ते दाखवाल?"

"दाखवतो."

दुसऱ्या दिवशी मोरीपाशी अर्धं गाव जमलं. केशवराव भरावाच्या चढावर छत्री टेकून उभा होता, गणपती पाहायला आल्यासारखा. जाईबाई आणि धम्मदीप बाजूला. नितेश सुट्टी काढून आला होता. बापाशी एक शब्द बोलला नव्हता, आणि गॉगल काढत नव्हता.

साहेबांच्या माणसानं चुंगड्या पुढं केल्या. गोधडी बाभळीवरचीच दिली.

खुशालराव धोतर खोचून मोरीच्या तोंडात उतरला. गुडघाभर पाणी होतं. त्यानं चुंगड्यांत माती भरली, रेटून बसवल्या, गोधडी गुंडाळली, आणि बैल दावणीला बांधतात तशी गाठ मारून दोराचं दुसरं टोक घेऊन वर आला. ओढला. गाठ आवळली. त्यानं पाय रोवून ओढला. गाठ आणखी आवळली. पाणी बोळ्याला रेटत होतं आणि बोळा मोरीत घट्ट बसत होता. दोर तळहातात कापला. तो घसरला आणि चिखलात बसला.

वरून कोणीतरी हसलं. "बैल सोडून राह्यला का गा खुशाल?" केशवराव म्हणाला.

खुशालराव उठला आणि पुन्हा ओढायला लागला. मानेच्या शिरा फुगल्या. नितेशनं तोंड फिरवलं.

"सरका भाऊजी."

भागीरथावहिनी गर्दीतून खाली आली होती. लुगडं ओचलेलं. तिनं दोर त्याच्या हातातून काढून घेतला.

"वहिनी, तुमी मधात पडू नका."

"मधात तर तुमी पडून राह्यले." ती पाण्यात उतरली. "तुमी कधी काढला हो बोळा? जल्मात पाय भिजवले का या मोरीत? साहेब, ह्या माणसाले बोळा उभा असते का आडवा, तेही ठाऊक नाई."

"वहिनी, चूप राहा!"

"चूप कायले राहू? चूप राहून राहून माह्या पोटात गोळा झाला." तिनं बोलता बोलता त्याची गाठ सोडली. चुंगडीचं तोंड वळवून खाली केलं, दोर तोंडाभोवती दोनदा फिरवला, एक फास आतून काढून अर्धाच ओढला. हात आपोआप चालत होते. "भरलं पोतं पाण्यातून ओढून निघते का? हत्ती लावा तरी निघत नाई. पोत्याचं तोंड सोडाचं. माती वाहून जाते, खाली गोधडी उरते."

ती वर आली आणि दोराला एक झटका दिला. गाठ सुटली. मोरीतून काळं पाणी गदगदत खालच्या अंगाला निघालं, आणि जरा वेळानं रिकामी गोधडी पाण्यावर आली.

कोणी हसलं नाही.

"बोळा काढाचा असला का वरची चुंगडी आदल्या दिवशी सोडाची," ती साहेबांना म्हणाली. "पाणी हळूहळू जाते. मोठी चुंगडी सकाळी. आमची अशी रीत हाय. रात्री पाऊस आला म्हणून वरची सोडाची राहून गेली. बाजाराले जाणं, मागं कोणी पाहाले नाई, वरून अजून पाऊस आला तर झेंडू बुडन. म्हणून मैनानं दोनी संगच सोडल्या. मी टोपलं धरून उभी होती. माह्या नातवाले ताप होता म्हणून मी गेली नाई." तिनं हातातला दोर गुंडाळायला घेतला. "माह्या भाजीचं गाठोडंही तिच्याच डोक्यावर देलं होतं."

साहेबांचा माणूस लिहीत होता. लिहून झाल्यावर साहेब धम्मदीपकडे वळले.

"तू त्या सकाळी इथून गेलास. भरावाला पाणी लागलेलं तुला दिसलं नाही?"

"दिसलं साहेब."

"मग?"

"दरसाल दिसते." त्याचा आवाज जेमतेम निघत होता. "मैनाकाकू म्हणे, दसऱ्यालोक राहू दे बाबू. आमच्या घरीही तेच पाणी लागे. झेंडू तोडाले माही माय जाय मजुरीनं."

"हे तू रिपोर्टमध्ये कळवायला पाहिजे होतंस."

"हो साहेब."

"आणि इतके दिवस चौकशीत का नाही सांगितलंस? तुझ्यावरच येत होतं सगळं."

धम्मदीपनं बाभळीकडे पाहिलं. "काकू मेली होती साहेब," तो म्हणाला.

जाईबाईनं पदर तोंडात कोंबला. साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि तेही लिहून घ्यायला सांगितलं. ते लिहिल्यानं पोराचं काय होईल, हे कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी साहेबांनी तिथं सांगितलं नसतं.

गर्दी पांगली. केशवराव जाताना म्हणाला, "मी म्हटलंच होतं, पाण्याचं कायीतरी हाय." नितेश बापाशी आला. गॉगल काढला तर डोळे लाल होते. "मी सांगतलं होतं तुमाले," एवढंच म्हणाला, आणि गाडीला किक मारून निघून गेला. जाईबाई खुशालरावसमोरून गेली. थांबली नाही. धम्मदीप तिच्या मागून चालला होता. त्यानं खाली वाकून रुळातला एक सैल दगड सवयीनं पायानं आत सरकवला, आणि मग हे आता आपलं काम नाही, असं आठवल्यासारखा पाय मागे घेतला.

मोरीपाशी दोघंच राहिले. भागीरथावहिनी गोधडी पिळत होती. एक टोक खुशालरावनं धरलं.

"तुमाले राग आला असन," ती म्हणाली.

"नाई."

"येऊ द्या. पण खोटं बोलून तुमी तिले वाचवलं नसतं. तिचं काम तुमी आपल्या नावावर लावून राह्यले होते."

गोधडीतलं पाणी काळं निघत होतं. दोघांनी उलट्या बाजूंनी पीळ दिला.

"वहिनी, त्या दिवशी ती काई बोलली का?"

"काय बोलन? घाई होती. मीच म्हटलं, मोठी चुंगडी राहू दे आता. तुह्या माणसाले सांगून जा, तो दुपारपावतर सावकाश सोडन."

"मंग?"

भागीरथावहिनीनं गोधडी झटकली आणि बाभळीवर टाकली.

"मंग काय. हासली."

ती आणखी काही सांगेल म्हणून खुशालराव वाट पाहत राहिला. पण तेवढंच होतं. मैनाचं ते हसणं त्याला ठाऊक होतं. त्यात तक्रार नसायची. हौदात चंद्र पाहून लेकरू मागायला लागलं, की आई हसते, तसं ते होतं. बोळा आणि तो, हे तिला तसंच वाटलं असणार.

"गाठ दाखवा बरं," तो म्हणाला.

"आता कायले? साहेबाचे लोक जाळी बसवणार हायेत मोरीले. बोळा बंद झाला आता."

"दाखवा."

तिनं दाखवली. दोनदा फिरवायचं, फास आतून घ्यायचा, अर्धाच ओढायचा. मग नातवाला औषध द्यायचंय म्हणून ती गेली.

खुशालराव मोरीच्या तोंडात उतरला. पाणी आता घोट्याएवढं होतं. चुंगडीत माती भरली, तोंड खाली केलं, दोर फिरवला. पहिल्यांदा फास उलटा पडला. दुसऱ्यांदा आवळून बसला. त्यानं नखांनी सोडवला. परत फिरवला. वरच्या अंगाला रूळ गुणगुणायला लागले आणि पिवळ्या पाटीपाशी पॅसेंजरनं दम सोडल्याचं त्यानं ऐकलं. गाडी डोक्यावर आली. भरावातून मातीचे कण मानेवर पडायला लागले. एकेक डबा, एकेक डबा. मागचा डबा शेवटी येणार, हे त्याला ठाऊक होतं. वर जाऊन पाहावं असं वाटलं. तो गेला नाही. फास आतून घेतला आणि अर्धाच ओढला.

मागचा डबा वर असताना त्यानं दोराला झटका दिला.

त्यानं जोर लावला होता, बैल आवरताना लावतो तेवढा. तेवढा लागलाच नाही. गाठ एका बोटानं सुटावी तशी सुटली, चुंगडीतली माती पाण्यात गेली, आणि रिकामा दोर त्याच्या हातात आला.